रस्त्यावरचा कलाप्रयोग आणि न विचारलेला कॅमेरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काळा घोड्याच्या फुटपाथवर, दादरच्या फुलबाजारात, कार्टर रोडच्या कठड्यावर किंवा एखाद्या पादचारी पुलावर कुणी तरुण कलाकार पूर्वसूचना न देता, हातात संहिता नसताना, समोर येईल त्या माणसाला आणि प्रसंगाला सामावून घेत काहीतरी करू लागतो आणि त्याच्यापासून चार पावलांवर त्याचाच एखादा मित्र कॅमेरा घेऊन उभा असतो, हे दृश्य मुंबईकरांना आता अगदीच नवे राहिलेले नाही. परफॉर्मन्स आर्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारावर आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा दोनच अंगांनी : याला कला म्हणायचे का, आणि याला परवानगी होती का. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न त्या मानाने सोपे आहेत. अवघड प्रश्न कॅमेऱ्याचा आहे आणि त्याविषयी ना कलाकार बोलतात, ना पोलीस, ना महापालिका. प्रयोग दहा-पंधरा मिनिटांत संपतो, बघे पांगतात, रस्ता पुन्हा रस्ता होतो. चित्रीकरण मात्र राहते, आणि त्यात जी माणसे सापडली तीही, त्यांना कुणी न विचारता, त्यात राहतात. नियम सैल करायचेच असतील तर ते कलाकारापुरते करावेत आणि शिस्त लावायची असेल तर ती कॅमेऱ्याला लावावी, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

मी आयुष्यभर व्हिडिओ संकलनाचे काम केले. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीच्या तरुण कलाकारांचे फुटेज अधूनमधून माझ्याकडे जोडणीसाठी येते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते बहुतांशी संगणकासमोर बसून, तोच तो तुकडा पुढे-मागे करून पाहिलेले आहे.

आधी परवानगीचे बोलू. मुंबईत सार्वजनिक जागी चित्रीकरण करायचे म्हणजे जागा ज्याची, त्याचा दरवाजा ठोठावावा लागतो. रस्ता आणि बाग महापालिकेची, वाहतुकीचा प्रश्न वाहतूक पोलिसांचा, फलाट रेल्वेचा, आणि स्थानिक पोलीस ठाणे तर सगळीकडेच. राज्य सरकारने महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत एक खिडकी योजना आणली ती चांगलीच गोष्ट झाली. पण ती खिडकी ज्यांच्यासाठी उघडते ते चित्रपट, मालिका आणि जाहिरातींचे युनिट असते, ज्यांच्याकडे जनरेटरची गाडी असते, प्रॉडक्शनचा माणूस असतो आणि त्या दिवशी काय घडणार आहे हे कागदावर लिहून देण्याची सोय असते. उत्स्फूर्त प्रयोग करणाऱ्या मुलीने कथानकाच्या रकान्यात काय लिहावे? पुढच्या बुधवारी संध्याकाळी आपण नेमके काय करणार हे तिला ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तर तो प्रयोग उत्स्फूर्त उरत नाही. आपल्या रंगभूमीनेही हा पेच अनुभवलेला आहे. प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची हा दंडक नाटकाला कसाबसा पेलवतो. बतावणीतल्या सोंगाड्याने ऐनवेळी समोरच्या पाटलाला काढलेला चिमटा कुठल्या संहितेत आधी लिहून देणार?

त्यात भर म्हणजे जमावबंदी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खाली पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र येण्यावर बंदी घालणारे आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढत असतात आणि पंधरवडा संपला की पुष्कळदा नवा आदेश निघतो. बहुतेक नागरिकांना असा आदेश लागू आहे याचा पत्ताही नसतो, कारण वडापावच्या गाडीभोवती पंधरा माणसे उभी राहिली तरी कुणी त्यांना हटकत नाही. आदेश आठवतो तो काहीतरी वेगळे घडताना दिसले की. खरे सांगायचे तर फुटपाथवरचा निवाडा कायद्याचे पुस्तक उघडून होतच नाही. तो ट्रायपॉड पाहून होतो. हातातल्या फोनने तासभर चित्रीकरण करा, कुणी विचारत नाही. ट्रायपॉडचे तीन पाय जमिनीला टेकले की पाचव्या मिनिटाला 'परमिशन आहे का' हा प्रश्न येतो. त्यात बीटवरच्या हवालदाराचा दोष मी मानत नाही. त्याच्या हाती दोनच पर्याय दिलेले आहेत, संपूर्ण परवानगी किंवा संपूर्ण मनाई, आणि समोर जे चालले आहे ते दोहोंतही बसत नाही.

या शहराला या प्रकाराचे वावडे आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये हाजी अलीजवळच्या क्रॉसरोड्स मॉलमध्ये काही डझन अनोळखी माणसे एकाएकी जमली, शेअर बाजारातल्यासारखी ओरडली, छत्र्या उघडल्या आणि निघून गेली. भारतातला पहिला फ्लॅश मॉब म्हणून त्याची नोंद होते. नोव्हेंबर २०११ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटाबाहेरच्या प्रशस्त दालनात दोनशेच्या आसपास माणसे एका हिंदी चित्रपटगीतावर नाचली. २६/११च्या हल्ल्याला तीन वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच स्थानकात. तो नाच अर्थातच बसवलेला होता, उत्स्फूर्त होते ते भोवतालच्या प्रवाशांचे चेहरे. तो पाहिला किती जणांनी? प्रत्यक्षात त्या वेळी तिथून जाणाऱ्यांनी. बाकी सगळ्या देशाने आणि परदेशानेही तो इंटरनेटवरच्या व्हिडिओत पाहिला. तो व्हिडिओ आजही पाहताना माझे लक्ष नाचणाऱ्यांकडे कमी आणि हातात बॅग घेऊन थबकलेल्या माणसांकडे जास्त जाते. त्यांच्यामुळेच तो व्हिडिओ पाहावासा वाटतो, आणि त्यांच्यापैकी कुणी त्यासाठी आलेले नव्हते.

कॅमेरा आला की प्रयोग बदलतो, हे फुटेजमध्ये अगदी स्वच्छ दिसते. डोंबाऱ्याचा ढोल वाजला की बघ्यांचे रिंगण आपोआप पुरे होते. कॅमेरा असला की ते पुरे होत नाही. भिंगाच्या समोरची जागा लोक आपणहून मोकळी सोडतात, अर्धवर्तुळ उरते आणि कलाकार नकळत रंगमंचावर जाऊन उभा राहतो. सुरुवातीला तो चहूबाजूंना वळत असतो. थोड्या वेळाने त्याचा खांदा कॅमेऱ्याकडे झुकू लागतो, मग तोंड, आणि शेवटी तो रस्त्याशी बोलायचे सोडून भिंगाशी बोलू लागतो. बघ्यांचेही तेच होते. 'हिरो कोण आहे?' आणि 'कुठल्या चॅनलचं?' हे दोन प्रश्न मुंबईत इतके ठरलेले आहेत की ते कुठल्या मिनिटाला येतील याचा मला आता अंदाज बांधता येतो. ज्याला हे काम कळते तो कॅमेरामन म्हणून गर्दीच्या पुढे उभा राहतच नाही. तो गर्दीच्या मागे, छातीच्या उंचीवर कॅमेरा धरून, वाइड लेन्स लावून, दिवा न लावता उभा राहतो, लोकांचे खांदे आणि पिशव्या फ्रेममध्ये येऊ देतो आणि एकच लांबलचक शॉट घेतो, कारण दुसरा टेक नाही आणि मध्ये तोडले तर नेमका तोडलेल्या जागीच काहीतरी घडलेले असते.

ध्वनीचा प्रश्न तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कलाकाराच्या कॉलरला लावलेला लेपल माइक त्याच्या शेजारून जाणाऱ्याचे बोलणेही टिपतो. माझ्याकडे आलेल्या एका फुटेजमध्ये एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी बायोप्सीचा रिपोर्ट सांगत कलाकारापासून हातभर अंतरावरून गेले. चेहरा दिसत नाही, आवाज मात्र लख्ख. शहराचे वातावरण म्हणून ते वाक्य ठेवावे असा दिग्दर्शकाचा आग्रह होता. मी ते काढायला लावले आणि त्यावरून आमचे बरेच वाजलेही. रस्त्यावर मोठ्याने बोललेले सार्वजनिकच असते, हा त्याचा युक्तिवाद मला आजही पटलेला नाही.

दादरच्या फुलबाजारातला एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण सगळा पेच त्यात आहे. एक तरुणी पहाटे बाजाराच्या कडेला बसून पायाखाली तुडवल्या गेलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा करून त्यांचा हार ओवण्याचा प्रयत्न करत होती. पाकळ्या फाटत होत्या, हार होत नव्हता, आणि प्रयोग म्हटला तर तेवढाच होता. शेजारी पाटी मांडून बसलेल्या फुलवाल्या मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि मग न राहवून त्यांनी तिच्या हातातली सुई ओढून घेतली. 'असा नाही गं दोरा घेत, देठातनं घे.' पुढची काही मिनिटे कलाकार शिष्या झाली आणि मावशी गुरू. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने त्या चुरगळलेल्या हाराचा भाव विचारला, मावशींनी तो क्षणात सांगितला, घासाघीस झाली, हार विकला गेला आणि पैसे कुणाचे यावरून दोघींत हसतखेळत भांडणही झाले. कुठल्याही नाटककाराला सुचणार नाही इतका तो प्रवेश सुरेख होता. तयार झालेल्या लघुपटात साहजिकच मावशींचा चेहरा क्लोज-अपमध्ये होता, मागे त्यांची पाटी होती आणि त्याच्याही मागे स्टेशनच्या पुलाचा जिना.

काही दिवसांनी ती तरुणी कौतुकाने तो लघुपट फोनवर दाखवायला गेली तेव्हा मावशी उखडल्या. 'पालिकेची गाडी आली की आम्ही पाटी उचलून पळतो, आणि तुम्ही आमचं तोंड, आमची जागा जगाला दाखवता होय?' त्यांचे काय चुकले? रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे, यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्कामोर्तब केले. फेरीवाल्यांसाठी केंद्राचा कायदा २०१४चा. पण या शहरातल्या बहुसंख्य फेरीवाल्यांकडे अजूनही परवाना नाही. अशा बाईच्या दृष्टीने त्या क्लोज-अपमध्ये कलेपेक्षा पुरावाच जास्त होता. लघुपट दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला तेव्हा आम्ही चेहरा आणि जिना काढला, हात आणि आवाज ठेवला, आणि ती तरुणी तो पुन्हा मावशींकडे घेऊन गेली. 'हात दाखवा, हाताला कोण ओळखतंय,' असे म्हणून त्यांनी परवानगी दिली. चित्रपट म्हणून तो आधीपेक्षा उणा झाला असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण माझ्या मते तो तसाच दाखवायला हवा.

यावर कलाकारांचा नेहमीचा आक्षेप असा की आधी विचारले तर उत्स्फूर्तता मरते. आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच आधी विचारा असे मी म्हणत नाही. नंतर विचारा. प्रयोग संपल्यावर लगेच एकाने कलाकाराला सावरावे आणि दुसऱ्याने, जे कुणी प्रयोगात बोलले, हसले, चिडले, हात लावून गेले, त्यांच्याकडे जाऊन आपण काय केले, ते कुठे दाखवणार, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे आणि नको म्हटले तर त्यांच्यासमोर तशी नोंद करावी. गर्दीतल्या प्रत्येकाला विचारणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. दूरवर चालणारा माणूस वेगळा आणि ज्याच्यावाचून तो प्रसंगच घडला नसता तो वेगळा. खासगीपणाच्या हक्कावरील २०१७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एवढे स्पष्ट केलेले आहे की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही. कॅमेऱ्याशिवाय ही कलाच टिकत नाही, हे म्हणणेही अर्धेच खरे. टिनो सेहगलसारखा जगभर नावाजलेला कलाकार आपल्या प्रयोगांचे छायाचित्र वा चित्रीकरण मुळीच होऊ देत नाही. उलट फ्रान्सिस अलीसने १९९७ मध्ये मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून बर्फाची मोठी लादी ढकलत नेली, ती वितळून संपेपर्यंत. त्या नऊ तासांहून अधिक वेळाचा त्याने पाचेक मिनिटांचा चित्रपट केला आणि शहर त्यात भरपूर दिसले तरी कुणाची फजिती झालेली दिसत नाही.

फजितीवरून आठवले. 'सोशल एक्स्पेरिमेंट' या गोंडस नावाखाली फलाटावर कुणाला घाबरवायचे, कुणाच्या अंगावर ओरडायचे आणि त्याचा चेहरा रील म्हणून विकायचा, हा उद्योग मी या चर्चेत धरतच नाही. त्याचा बंदोबस्त पोलिसांनी खुशाल करावा. अडचण एवढीच की तो रीलवाला फोन खिशात घालून पसार होतो आणि सापडतो तो ट्रायपॉडवाला.

दुसरी बाजू कलाकाराच्या हक्काची, आणि ती आपल्याकडे जवळपास कुणालाच ठाऊक नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचे हक्क आले. सादरकर्ता म्हणजे कोण याची त्या कायद्यातली यादी वाचण्यासारखी आहे : नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर तिथे कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार आणि चक्क गारुडीसुद्धा आहे. संहिता असलीच पाहिजे अशी अट नाही. आपल्या सादरीकरणाचे ध्वनी वा दृश्यमुद्रण करू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या सादरकर्त्याचा असून तो पन्नास वर्षे टिकतो. स्वतःपुरते वापरायला, प्रामाणिकपणे शिकवायला किंवा संशोधनासाठी केलेले मुद्रण आणि बातमी वा समीक्षेसाठी घेतलेला तुकडा एवढे अपवाद आहेत. आता गंमत बघा. हाच गारुडी, हाच डोंबारी, हाच पोतराज खेळ संपल्यावर ताटली फिरवतो तेव्हा १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा त्याला भिकारी ठरवू शकतो, कारण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे या निमित्ताने सार्वजनिक जागी भिक्षा घेणे हेही त्या व्याख्येत बसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातल्या पुष्कळ तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. महाराष्ट्रात, म्हणजे जिथे तो कायदा जन्मला तिथे, तो अजून उभा आहे. पोलिसाचे सोंग घेऊन दारात येणारा आणि यमक जुळवत घरमालकावर वाटेल ते आरोप करणारा बहुरूपी ही आपली जुनी उत्स्फूर्त कलाच होती. आज त्याने मुंबईत ते सोंग आणले तर बिदागीऐवजी काय मिळेल ते सांगायला नको. दालनात प्रदर्शन लावणाऱ्या कलाकाराला फुटपाथवर आल्यावर हटकले जाते तेव्हा निदान वृत्तपत्रात दोन ओळी येतात; डोंबाऱ्याचे चित्रीकरण करून त्यावर पैसे कमावणाऱ्याला तर कुणी विचारतही नाही आणि डोंबाऱ्यालाही आपल्याला असा हक्क आहे याची कल्पना नसते.

हे सगळे लिहिताना चित्रीकरणच नको असा अर्थ कुणी काढू नये. परफॉर्मन्स कलाकार रुमाना हुसेन यांनी १९९५ मध्ये एनसीपीए या कलाकेंद्रात, हातात चिरलेली पपई धरून, आवाज न फुटणाऱ्या किंकाळीसारखे तोंड उघडून चालत केलेला प्रयोग तिथे हजर नसलेल्या माझ्यासारख्यांपर्यंत पोहोचला तो चित्रीकरण आणि छायाचित्रे होती म्हणूनच. १९९९ मध्ये त्या गेल्या. नोंद नसती तर त्या कामाविषयी आज नुसत्या ऐकीव गोष्टी उरल्या असत्या. नोंद हवीच, आणि ती जपली जायलाही हवी. तरुणांच्या घरी बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये या शहराचा किती तरी इतिहास अडकून पडला आहे. जे. जे. कला महाविद्यालयासारख्या संस्थेने अशा चित्रीकरणाच्या प्रती, त्यात सामील झालेल्यांच्या संमतीच्या नोंदीसह, ठेवून घेण्याची व्यवस्था केली तर संमती घेण्याची सवयही आपोआप लागेल.

माझी मागणी फार मोठी नाही. जमावबंदीच्या आदेशातून लग्न, अंत्ययात्रा, सहकारी संस्थांच्या सभा, चित्रपटगृहे, नाट्यगृहे असे अनेक प्रकार नेहमी वगळले जातात. त्याच यादीत आणखी एक प्रकार पोलीस आयुक्तालयाने घालावा : ध्वनिवर्धक नसलेला, रस्ता न अडवणारा, मोजक्या कलाकारांचा आणि एका हाती कॅमेऱ्याचा विनामूल्य कलाप्रयोग, ज्याची जागा आणि वेळ एवढीच सूचना, कथानक न मागता, आदल्या दिवशी पोलीस ठाण्याला ई-मेलने दिलेली असेल. त्या सूचनेखाली चित्रीकरण करणाऱ्याने आपले नाव आणि फोन क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक प्रयोगाच्या जागी कागदावर मराठी व हिंदीत लावावा, म्हणजे ज्याला आपला चेहरा नको असेल त्याला कुणाला फोन करायचा हे कळेल. काळा घोडा महोत्सव आयोजकांनी काढलेल्या परवानगीने दरवर्षी पार पडतोच; हा बदल हवा आहे तो उरलेल्या वर्षासाठी आणि काळा घोड्याच्या उत्तरेकडच्या सगळ्या मुंबईसाठी.

आपली,
एक निवृत्त व्हिडिओ संकलक,
गिरगाव, मुंबई